दोन सूत

बापाच्या बोटांची कातडी सिमेंटनं खाल्लेली.
आधारच्या मशीनवर त्याचा अंगठा उमटत नाही,
तीन गावांतले स्लॅब मात्र लोक त्याच्या नावानं ओळखतात.
नवऱ्याचे डोळे वेल्डिंगचे.
रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवून पडतो
आणि विचारतो, बाहेर चांदणं आहे का.

दोघं सहा वर्षं बोलत नाहीत.
कारण मीच असावी. कोणी नीट सांगत नाही.

बचत गटाची डाळमिल बांधायची ठरली
तेव्हा माझ्यापुढे दोन कोटेशनं आली.
एक वहीच्या पानावर, पेन्सिलीनं.
एक मोबाइलवर, नटबोल्टच्या नगासकट.
मी सचिव. रजिस्टर माझ्याकडे.

बाप म्हणाला,
लोखंडाचं घर म्हणजे तंबू.
उन्हात कढई, पावसात डफडं.
त्याले वाळवी नाही लागत म्हणते, हवाच लागते.
स्लॅब टाक. एकवीस दिवस पाणी पाज, लेकरावानी.
मंग पाय तुह्या नातवालेही नाही फुटत.

नवरा म्हणाला,
आपली माती काळी.
मे महिन्यात भेगेत हात जाते कोपरापर्यंत,
श्रावणात फुगून भिंत उचलते.
काँक्रीट हट्टी. वाकत नाही, मंग तडकते.
लोखंड जराक कलते अन् परत येते.
उद्या जागा सोडा लागली तं पान्यानं खोलू, ट्रॅक्टरवर टाकू.
स्लॅब कोणी उचलून नेला काय आजवर?

तराईच्या पाण्याचा हिशेब मला विचारा.
दहाव्या वर्षी शाळा बुडवून मी बारदानं भिजवलीत.
ओल्या बारदानाखाली स्लॅब कोमट लागायचा,
ताप आलेल्या कपाळासारखा.
आणि लग्नाच्या पहिल्या महिन्यात
केसांतून रेडऑक्साइड निघायचा, लालसर,
सासूला वाटलं कुंकूच.

बैठकीत मंदा आत्राम म्हणाली,
तुरीले काय पाहिजे ते कोणी इचारलं काय?
कोणाला सांगता आलं नाही.
मग पंचायत समितीची इंजिनीअरबाई आली स्कूटीवर,
म्हणाली, पाया काँक्रीटचा करा, वरचा सांगाडा लोखंडाचा.
अन् काँक्रीटच्या पोटात सळई असतेच ना?
उन्हात दोघं जवळजवळ सारखेच वाढतात,
म्हणून एकमेकांना धरून राहतात.
नाहीतर कधीचेच सुटले असते.
तांब्याभर पाणी पिऊन ती गेली.
मी ते विषय क्रमांक चारखाली लिहून ठेवलं. का, माहीत नाही.

बापानं आठ खड्डे भरले.
प्रत्येकात चार बोल्ट उभे, दोरी ताणून, ओळंबा सोडून.
मी रोज पाइप धरला. टँकर एक दिवसाआड.
महिन्यानं नवरा खांब घेऊन आला.
सहा माणसं, एक साखळी, पुष्कळ शिव्या.
सात खांब बसले.
आठव्याची प्लेट बोल्टवर उतरेना.

सगळे गप्प. साखळी कुरकुरत राहिली.
बापानं टेप काढला नाही. नुसतं पाहिलं.
किती?
दोन सूत.
तुह्यं का माह्यं?
पाहा लागन.

दोघं वाकले. बराच वेळ वाकलेले होते.
कोणाचं चुकलं ते कळलं असणार,
मला कोणीच सांगितलं नाही.
नवऱ्यानं भोक वाढवायला गॅस पेटवला
आणि बाप, तोंड भलतीकडे करून,
मांदेडीच्या बाजारातल्या बैलाला बोलावं तसा म्हणाला,
चष्मा लाव बे.

डाळमिल आता चालू आहे.
दुपारी आत उभं राहवत नाही, हे बापाचं खरं निघालं.
फरशीला दरवाजाजवळ भेग गेली, हे नवऱ्याचं.
आठवा खांब किंचित तिरपा आहे.
बाहेरच्या माणसाला दिसत नाही.